मदत हवी आहे : डी सिकाचा तिसरा सिनेमा कोणता दाखवावा?

मंडळी, आमच्या फिल्म क्लबात पुढच्या महिन्यात इटालियन दिग्दर्शक व्हित्तोरिओ डी सिकाचे तीन सिनेमे दाखवायचे आहेत. 'बायसिकल थीव्ह्ज' (१९४८) ठरलाच. त्यातल्या बापाचं काम एका खऱ्याखुऱ्या कारखाना कामगाराने केलंय, हे सांगितलं की नवखेही सरसावून बसतात. दुसरा 'उंबेर्तो डी' (१९५२). त्यातली मोलकरीण सकाळी उठते, मुंग्यांवर पाणी सोडते, कॉफी दळते, बसल्या बसल्या पाय लांबवून दार लोटते. बाकी काही घडत नाही, पण नजर हलत नाही!

घोडं अडलंय तिसऱ्यावर. डी सिका मुळात १९३०च्या दशकातला लाडका नट. पुढे दिग्दर्शक म्हणून नावाजल्यावरही तो दुसऱ्यांच्या सिनेमांत कामं करत राहिला. (जुगाराचा नाद होताच, त्याला पैसा लागे.) त्याची ही नटाची बाजू लोकांना दिसावी असं वाटतं. मग रोस्सेलिनीने दिग्दर्शित केलेला, डी सिकाची मुख्य भूमिका असलेला 'जनरल देल्ला रोव्हेरे' (१९५९) घ्यावा, की सोफिया लोरेनला ऑस्कर मिळवून देणारा, डी सिकाने स्वतः दिग्दर्शित केलेला 'टू विमेन' (१९६०)? पहिला दोन तासांच्या वर जातो आणि आमची मंडळी थेट ऑफिसातून येतात.

शिवाय धड सबटायटल्स असलेली प्रत कुठे मिळेल? जाहीर खेळासाठी परवानगी कुणी काढली असेल तर कृपया सांगा.