चित्र आधी की बेंजामिन आधी?

ठिपकेवाला: परवा इथे एकाने सल्ला दिला, 'दृश्यकलेवर संशोधन करायचंय? आधी सहा महिने नुसतं तत्त्वज्ञान वाचा, चित्राकडे मग वळा.' डोकंच फिरलं. असा तयार होऊन आलेला माणूस चित्रात वाचलेलंच शोधणार. उलट करा. एकच चित्र घ्या, वीस मिनिटं बघा आणि दिसेल ते लिहून काढा: उजेड कुठून येतोय, चौकटीने काय कापलंय, नजर कुठे लागलीय. 'दैवी', 'उदास' हे शब्द बंद. मग फोटोवर लिहिणारा फ्रेंच विचारवंत रोलां बार्थ उघडा. नाहीतर 'या फोटोतला पंक्टम' (म्हणजे फोटोतला मनाला अचानक टोचणारा तपशील, शब्द बार्थचाच) असली प्रकरणं होतात. अहो, पंक्टम बघणाऱ्याला टोचतो, प्रबंधाच्या परीक्षकाला टोचेलच असं नाही. म्हणूनच 'कॅमेरा ल्युसिडा' या १९८० च्या पुस्तकात बार्थने आईच्या लहानपणच्या फोटोवर पानंच्या पानं लिहिली, पण फोटो छापला नाही.

फोर्टची पायरी: तो 'एक' मीच. सहा महिने जास्त झाले, सोडा. पण ही कोरी नजर मिळते कुठे, क्रॉफर्ड मार्केटात? चौकटीने काय कापलं हा प्रश्न तरी वाचल्याशिवाय सुचला का? आणि सारखे बार्थ-बेंजामिनच का? रा. भा. पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा' १९७४ पासून मराठीत आहे. मर्ढेकरांच्या संवाद, विरोध, समतोल या लयतत्त्वांवर एखादं चित्र तपासून बघा की.

ठिपकेवाला: देवघरातल्या तसबिरीला लावा ती लय. तिथे रंगसंगती कोण बघतंय!

कंदीलपट्टी: तसबिरीचं निघालंच आहे तर ऐका. जर्मन विचारवंत वाल्टर बेंजामिन म्हणतो, यंत्राने प्रती निघाल्या की कलाकृतीचं तेजोवलय, म्हणजे तिच्या एकमेवपणाचा प्रभाव, विरतं, पूजामूल्य मागे पडून प्रदर्शनमूल्य पुढे येतं. आणि इथे? १८९४ ला मुंबईत चित्रकार रवि वर्म्यांचा शिळाछापाचा, म्हणजे दगडावरून चित्रं छापायचा, छापखाना निघाला आणि त्यातली लक्ष्मी घरोघर हळदकुंकू लावून घेत बसली. मूळ तैलचित्र कुठे टांगलंय याची कुणाला फिकीर? प्रतीलाच पूजा मिळाली.

फोर्टची पायरी: घाई करताय. शिळाछापाचा उल्लेख बेंजामिनने केलाय, पण रोख फोटो आणि सिनेमावर. शिवाय लोकांनी त्या छापांवर जरतार, टिकल्या, कापड चिकटवलं. म्हणजे ती प्रत राहिलीच नाही, त्या घरापुरती एकमेव वस्तू झाली. बेंजामिन चुकला कुठे?

कंदीलपट्टी: बेंजामिनचीही तसबीर लावलेली दिसतेय. उदबत्ती लावा.

ठिपकेवाला: दोघंही थांबा. ज्या छापावर एवढं रामायण चाललंय तो खरा शिळाछाप आहे का, हे तपासलंत? चौकटीतून ताव बाहेर काढा, काचेमागून काही कळत नाही. दहापट भिंग लावा. शिळाछापात प्रत्येक रंगाचा दगड वेगळा आणि ठिपके हाताने घातलेले, म्हणून लहानमोठे, वाकडेतिकडे. दगड केसभर हलला की ओठांचा लाल हनुवटीवर उतरतो. ऑफसेटमध्ये, म्हणजे आजच्या नेहमीच्या यंत्रछपाईत, चार रंगांचे ठिपके मोजूनमापून फुलासारखे बसतात. फुटपाथवरची ऑफसेट प्रत घेऊन एकोणिसाव्या शतकाच्या तेजोवलयावर वीस पानं लिहिणारे आहेत. सहा महिने वाचलेलेच.

फोर्टची पायरी: भिंगाचं मान्य. तेवढंच. पण त्याच ऑफसेट प्रतीला रोज हार चढतो, तो का, हे भिंगातून दिसतं का?

ठिपकेवाला: नाही दिसत. त्याला वाचावंच लागेल. विसाव्या मिनिटानंतर.