फ्रान्समधल्या सां मालोच्या तटबंदीवर कमी पायऱ्यांनी कुठून चढता येईल?

आई (७१) आणि मी सध्या फ्रान्समध्ये रेन शहरात मुक्कामी आहोत. काल बसने माँ सां मिशेल या खडकाळ बेटावर गेलो. वरच्या मठापर्यंत साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या, त्यामुळे अर्ध्या वाटेतच आईचा गुडघा बोलायला लागला. दगडी कठड्यावर बसून ती भरतीचं पाणी वाळूवर पसरताना बघत राहिली. "वर नाही गेले तरी चालेल गं," म्हणाली, पण मला फार चुटपुट लागली.

म्हणून परवा ट्रेनने सां मालोला जायचं ठरवलंय. १९४४च्या लढाईत बेचिराख झालेलं ते जुनं गाव पुन्हा जुन्याच धाटणीत उभारलंय, आणि समुद्राला लागून जाणाऱ्या तटबंदीवरून चालायची आईची फार इच्छा आहे. नकाशे, फोटो सगळं पाहिलं. जिने दिसतात, पण पायऱ्या किती ते कळत नाही.

गाडी नाही. व्हीलचेअर आईला नको आहे. कठडा धरून वीस-पंचवीस पायऱ्या ती सावकाश चढते, सपाटीवर अर्धा तास चालते.

अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा: कोणत्या दरवाजाजवळचा जिना सगळ्यात सोपा आहे, आणि तिथून पुढे बसायला बाक आहेत का?