सदोष अंतर्गत चौकशी आणि बडतर्फी : दाद कुठे मागावी?

प्रश्न – शिफ्टवाला, रबाळे

रबाळे एमआयडीसीतील एका कारखान्यात मी अनेक वर्षे कंपनीच्या पटावर होतो. पदनाम ‘शिफ्ट सुपरवायझर’ असले तरी काम मशीनवरचेच होते. कोणाची रजा मंजूर करण्याचा किंवा कोणाला मेमो देण्याचा अधिकार मला कधीच नव्हता. उत्पादनाच्या नोंदी खोट्या भरल्याचे आरोपपत्र देऊन माझी अंतर्गत चौकशी झाली. मी मागितलेल्या नोंदवह्यांच्या प्रती मिळाल्या नाहीत, मराठीची विनंती करूनही कामकाज इंग्रजीत चालले, आणि ज्या सहकाऱ्याच्या लेखी जबाबावर सारी भिस्त होती त्याला उलटतपासणीसाठी हजरच केले नाही. गेल्या महिन्यात बडतर्फीचे पत्र आले. एचआरचे म्हणणे असे की सुपरवायझरला कामगार न्यायालयात जाता येत नाही, मात्र राजीनामा लिहून दिल्यास हिशेब लगेच होईल. केवळ चौकशीतील दोषांमुळे बडतर्फी रद्द होते का?

उत्तर – खोपटकर (वकील, ठाणे)

प्रथम राजीनामा देऊ नका. एकदा तो दिला की बडतर्फीचा वादच उरत नाही, आणि तो दबावाखाली दिला हे सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर येते. पदनामाचा मुद्दा एचआर सर्रास पुढे करतो, पण न्यायालय व्हिजिटिंग कार्ड पाहत नाही, तुमचे मुख्य काम कोणत्या स्वरूपाचे होते ते पाहते.

महाराष्ट्रात 1971 चा अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायदा आहे. त्याच्या चौथ्या अनुसूचीतील पहिल्याच बाबीत नैसर्गिक न्यायाची तत्त्वे (आरोपीला बाजू मांडण्याची पुरेशी संधी देणे इत्यादी) पूर्णपणे डावलून केलेली चौकशी, उघडपणे खोट्या कारणासाठी केलेली बडतर्फी आणि किरकोळ गैरवर्तनाला दिलेली धक्कादायकरीत्या जास्त शिक्षा यांचा उल्लेख आहे. तक्रार 90 दिवसांत ठाण्याच्या कामगार न्यायालयात दाखल करावी लागते. उशीर सबळ कारण दाखवून माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. याच कायद्यात अंतरिम दिलासाही मागता येतो. मात्र कलम 59 मुळे एकदा हा मार्ग धरला की त्याच विषयावर केंद्राच्या औद्योगिक विवादविषयक कायद्याखाली दाद मागण्याचा मार्ग बंद होतो, त्यामुळे निवड वकिलाशी बोलूनच करावी. (तुम्ही कंपनीच्याच पटावर होता हे बरे. कंत्राटदारामार्फत असता, तर मालक कोण, हाच वाद आधी दुसरीकडे निकाली काढावा लागला असता.)

उत्तर – माजी कार्मिक अधिकारी, ऐरोली

वरील माहिती योग्य आहे, परंतु प्रश्नकर्त्याच्या शेवटच्या वाक्याला सरळ उत्तर द्यायला हवे, आणि ते बहुतेक वेळा ‘नाही’ असे आहे. चौकशी न्याय्य होती का, हा प्राथमिक मुद्दा न्यायालय आधी ठरवते. चौकशी सदोष ठरली, तरी कंपनीला तोच आरोप न्यायालयासमोर नव्याने पुराव्यानिशी सिद्ध करण्याची संधी मिळते. सर्वोच्च न्यायालयाने 1973 च्या फायरस्टोन प्रकरणात हे स्पष्ट केले, आणि तेव्हापासून कंपन्यांचे वकील ही मुभा पहिल्याच लेखी कैफियतीत (तक्रारीला दिलेल्या उत्तरात) मागून ठेवतात. म्हणून चौकशीच्या त्रुटींवर सगळा भर न देता, त्या नोंदी वस्तुतः कोणी व कोणाच्या सांगण्यावरून भरल्या, याची तयारी आत्ताच करावी. जबाब देणारा सहकारी न्यायालयात तेच बोलेल का? माझ्या मते तुमच्या प्रकरणाचे भवितव्य चौकशीच्या भाषेपेक्षा या प्रश्नावर अधिक अवलंबून आहे.

प्रती व साक्षीदार यांची मागणी लेखी केली होती का, हेही तपासा. तोंडी मागणी चौकशीच्या कामकाजात नोंदली गेली नसेल, तर ती झालीच नाही असे आम्ही त्या काळी सहज म्हणत असू.

प्रश्नकर्ता

दोन्ही मागण्या लेखी केल्या असून पोचही आहे. आता कंपनीने बँक खात्यात काही रक्कम जमा केली आहे. ती स्वीकारली, तर दावा बुडतो का?

खोपटकर

केवळ रक्कम जमा झाल्याने दावा बुडत नाही. हक्क राखून व हरकत नोंदवून ती घेत असल्याचे पत्र आजच पाठवा. ‘अंतिम हिशेब मिळाला, कोणतीही मागणी शिल्लक नाही’ अशा पावतीवर मात्र सही करू नका. बडतर्फीने ग्रॅच्युइटीही आपोआप बुडत नाही. याशिवाय, मधल्या काळात तुम्ही अन्यत्र कमावत नाही हे तक्रारीत स्पष्ट लिहा: सर्वोच्च न्यायालयाच्या दीपाली सुरवसे प्रकरणातील 2013 च्या निकालानुसार तसे कथन केल्यावर, तुम्ही कमावत होता हे दाखवण्याची जबाबदारी मालकाकडे जाते, आणि मागील वेतनाचा (बडतर्फीनंतरच्या काळातील पगाराचा) प्रश्न बहुधा तिथेच ठरतो.