विषय: मैदानाच्या पुढचं काम

दादा, गुन्ह्याच्या वाटेला लागलेली पोरं खेळायला मैदानावर आली की निम्मं काम झालं, हे तुमचं म्हणणं पटतं. नागपुरात क्रीडाशिक्षक विजय बारसे सरांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांसाठी फुटबॉलमधून तेच केलं. पण नाशिकच्या सिडकोत आमचा यंत्रकामाचा वर्ग सुरू केल्यावर खरी कसोटी पुढे लागली. एक पोरगा, मनगटावर ब्लेडचे जुने वण, व्हर्निअरवर (बारीक माप घ्यायच्या साधनावर) माप तीन-तीनदा तपासायचा. अंबडच्या कारखान्यात काम ठरलं आणि अल्पवयातली जुनी पोलीस केस आडवी आली. बाल न्याय कायदा २०१५, कलम २४ : अशा केसमुळे मूल पुढे अपात्र ठरत नाही (सोळा वर्षांवरच्या मुलावर घोर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चालून तो दोषी ठरला असेल तर गोष्ट वेगळी). ते छापून नेलं, मालकांना वाचून दाखवलं. पोरगा आज तिथे लेथ मशीनवर आहे. तुम्ही प्रशिक्षकाआधी वकील जोडा. आणि संध्याकाळी सातनंतर दार उघडं ठेवाच, पोरं त्याच वेळी नाक्यावर असतात.