हेर जितका मुरलेला, तितका पुरस्कारापासून लांब?

गंगावेशकर
सरळ मत मांडतो, पटलं नाही तर खोडून काढा. हेरमालिकांना पुरस्कार देताना परीक्षक हेरगिरी बघतच नाहीत. हेर ज्या प्रसंगात कोसळतो त्या प्रसंगाला बक्षीस मिळतं. जो शेवटपर्यंत चेहरा सांभाळतो, तो खाली बसून टाळ्या वाजवतो.

सीआयएच्या हेरांवरची अमेरिकी मालिका 'होमलँड' बघा. २०१२ च्या एमीत (अमेरिकी टीव्हीचे मोठे पुरस्कार) सर्वोत्कृष्ट नाट्यमालिका, नायिका क्लेअर डेन्स, नायक डेमियन लुईस, सगळं एका रात्रीत. तेही सलग चार वर्षं जिंकत आलेल्या 'मॅड मेन'ला मागे टाकून. डेन्सला पुढच्या वर्षी परत.

आता 'द अमेरिकन्स'. रेगनच्या काळातलं वॉशिंग्टन, ट्रॅव्हल एजन्सी चालवणारं जोडपं, दोन पोरं, आणि नवरा फिलिप (मॅथ्यू रीस), बायको एलिझाबेथ (केरी रसेल) दोघंही केजीबीचे, म्हणजे सोव्हिएत हेर. समोरच्या घरात एफबीआयचा माणूस स्टॅन राहायला येतो. मालिका रचणारा जो वाइजबर्ग स्वतः सीआयएत नोकरी केलेला. सहा सीझन, ७५ भाग. सर्वोत्कृष्ट मालिकेचं एमी एकदाही नाही. २०१६ आणि २०१८ ला नामांकन होतं, दोन्ही वेळा 'गेम ऑफ थ्रोन्स' आडवं आलं. केरी रसेलला तर २०१६, २०१७, २०१८ अशी तीन नामांकनं आणि तिन्ही वेळा रिकाम्या हातानं परत.

२०१८ चा सोहळा आपल्याकडे मंगळवारी पहाटे होता, ऐन गणपतीत. सर्वोत्कृष्ट नायक म्हणून मॅथ्यू रीसचं नाव पुकारलं, आनंद झालाच. पण एलिझाबेथ नसती तर फिलिप कुठला उभा राहिला असता? तो डगमगतो ते दिसतं, कारण ती डगमगत नाही.

राजारामपुरी आठवी गल्ली
दादा, डेन्सवर अन्याय करताय. तिनं साकारलेल्या सीआयए अधिकारी कॅरीचं कोसळणं हे हेरगिरी बाजूला ठेवून केलेलं रडगाणं नाही. पहिल्या सीझनच्या शेवटाकडचा दवाखान्याचा भाग आठवा. ती हिरव्या पेनासाठी हट्ट धरते, समोरच्याला वाटतं हिचं डोकं फिरलंय. मग तिचा वरिष्ठ सॉल तिच्या घरी जातो, पसरलेले कागद रात्रभर बसून रंगांच्या क्रमानं भिंतीवर लावतो, आणि दहशतवादी अबू नझीरच्या हालचालींचा अख्खा आलेख उभा राहतो. मधला पिवळा पट्टा म्हणजे तो गप्प होता तो काळ. बायपोलर आजाराच्या झटक्यात तिनं केलेलं काम ऑफिसातल्या कुणालाच जमलेलं नव्हतं. कोसळणं आणि हेरगिरी तिथं एकच आहे, आणि ते एकाच वेळी दाखवायला नटी तशीच लागते. ते एमी तिच्या हक्काचं होतं.

तिकटीवरचा
गंगावेशकर भावा, 'द अमेरिकन्स'मधला पार्किंग गॅरेजचा सीन इसरलास काय? (शेवटचा भाग बघितला नसंल त्यानं पुढचं वाचू नका.) स्टॅन पिस्तूल रोखून हुबा. फिलिप आधी शेजाऱ्याशी बोलल्यागत बोलतोय, मग 'तसलं काय नाही' म्हणतोय, मग हळूहळू सगळं कबूल करतोय. आदळआपट किती? काहीच नाही. लई भारी काम केलंय रीसनं. त्या भागाच्या लिखाणालाबी एमी मिळालं. मग शांत कामाला बक्षीस मिळत न्हाई असं कसं म्हणालायस?

गंगावेशकर
भावा, तो सीन तूच माझ्या बाजूनं मांडलास. फिलिप तिथं पहिल्यांदाच मित्राशी खरं बोलतो. मुखवटा गळाला तो प्रसंग आहे तो. मी बोलतोय मुखवटा चढवून काढलेल्या आधीच्या वर्षांबद्दल. एमीत नामांकन मिळालेल्या नटाला आपला एकच भाग परीक्षकांपुढे ठेवावा लागतो. रसेलचं काम एका भागात मावणारं नाही. रेल्वेतला प्रसंग घ्या: मुलगी पेज प्लॅटफॉर्मवर उभी दिसते, गाडी सुटलेली, आणि आईला ओरडताही येत नाही. त्या काही सेकंदांचं वजन कळायला आधीचे सहा सीझन बघितलेले असावे लागतात.

कळंबा रोड
नियम सगळ्यांना सारखाच आहे की. आणि तुमच्याच मालिकेतली मार्गो मार्टिनडेल? क्लॉडिया म्हणजे वरून आदेश आणणारी बाई, मोजके प्रसंग, शांतपणे बोलून समोरच्याला घाम फोडणारी. तिला पाहुण्या अभिनेत्रीचं एमी २०१५ ला मिळालं आणि २०१६ लाही. तुमचा सिद्धांत तिच्यापुढे टिकत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. 'होमलँड'ला डोक्यावर घेताना मुसलमान आणि अरब माणसं त्यात कशी दाखवलीत याकडे पुरस्कारवाल्यांनी डोळेझाक केली. २०१५ मध्ये सेटच्या भिंतींवर अरबीत लिहायला बोलावलेल्या कलाकारांनी 'होमलँड वंशद्वेषी आहे' असंच लिहून ठेवलं, आणि ते तसंच प्रसारित झालं. सेटवर कुणालाही ते वाचता आलं नाही. शत्रूची भाषा ऐकून पोट भरणाऱ्यांच्या मालिकेत हे घडावं, याला मी मोठी चूक मानतो. अभिनयाचं एमी द्या, मालिकेचं देताना थांबायला हवं होतं.

राजारामपुरी आठवी गल्ली
भिंतीची गोष्ट पाचव्या सीझनची, एमी पहिल्या सीझनचं. नंतरच्या चुकीसाठी आधीचं काम का खोडायचं? पहिल्या सीझनमध्ये कैदेतून सुटून आलेल्या अमेरिकी सैनिक ब्रॉडीला नमाज पढताना ज्या आदरानं दाखवलंय, तेवढं धाडस तेव्हा अमेरिकेत किती जणांनी केलं होतं?

शाहूपुरीतून
भाषेचा विषय निघालाच आहे तर 'तेहरान' घ्या. मोसाद या इस्रायली गुप्तहेर संस्थेची पोरगी इराणमध्ये अडकते. हिब्रू आणि फारसी दोन्ही बोलल्या जातात, नायिका निव सुलतान त्यासाठी फारसी शिकली. २०२१ चं सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचं आंतरराष्ट्रीय एमी त्यांनी नेलं. आपल्या 'द नाइट मॅनेजर'ला २०२४ मध्ये त्याच गटात नामांकन होतं, जिंकली 'ड्रॉप्स ऑफ गॉड'. मला वाईट वाटलं नाही. मूळ इंग्रजी 'नाइट मॅनेजर'च्या तीन नटांना २०१७ मध्ये गोल्डन ग्लोब मिळाले होते, त्याच कथेवर परत बक्षीस कुणी का द्यावं? पाठवायचीच तर हिंदी हेरमालिका 'फॅमिली मॅन' पाठवावी. त्यातला हेर श्रीकांत तिवारी घरच्यांशी खोटं बोलतो तेव्हा जी ओशाळलेली घाई मनोज बाजपेयीच्या चेहऱ्यावर येते, ती कुठल्याही परदेशी हेराच्या तोडीची आहे.

तिकटीवरचा
ह्याला शंभर टक्के अनुमोदन. आणि त्याचा जोडीदार तळपदे! त्याच्याशिवाय श्रीकांत निम्माच.

गंगावेशकर
'फॅमिली मॅन' मलाही आवडते, पण लोकांनी त्यात काय उचलून धरलं? आयटी कंपनीतल्या साहेबाच्या थोबाडीत मारली तो सीन. म्हणजे इथंही स्फोटच. माझ्या मते ब्रिटिश हेरमालिका 'स्लो हॉर्सेस'चं उदाहरण जास्त बोलकं आहे. २०२४ ला लेखनाचं एमी, २०२५ ला दिग्दर्शनाचं, आणि गॅरी ओल्डमन दोन्ही वेळा नामांकनावर थांबला. कळकट कोटातला त्याचा जॅक्सन लॅम्ब काय विचार करतोय याचा पत्ता लागू देत नाही, तेच त्याचं काम. लेखक दिसला, दिग्दर्शक दिसला, नट दिसला नाही!

कळंबा रोड
लेखनाला आणि दिग्दर्शनाला मिळालं म्हणजे परीक्षकांनी कारागिरी ओळखलीच ना? नट हरला कारण त्या वर्षी दुसरा नट त्यांना सरस वाटला. प्रत्येक पराभवात डाव शोधू नका.

उत्तरेश्वर
एवढी चर्चा परदेशी हेरांवर झाली, एक विचारतो. बहिर्जी नाईकांचा वारसा सांगणाऱ्या आपल्या भाषेत हेरमालिका कुठं आहे? ऐतिहासिक मालिकांत बहिर्जी वेषांतर करून येतात, खबर देतात, जातात. खबर आणली कशी, कुणाच्या घरात मुक्काम केला, कुणावर विश्वास टाकला, यावर एक अख्खा भाग असायला हवा. मराठीला बक्षीस मिळत नाही म्हणू नका, २०२४ च्या इफ्फीत (गोव्यातला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) सर्वोत्कृष्ट वेबमालिकेचा पुरस्कार 'लंपन'नं घेतला, तीही शांत मालिकाच होती. आपल्या कोल्हापुरात मोरेवाडीला चित्रनगरी आहे, जवळ पन्हाळा आहे. कुणीतरी लिहायला घ्या.

राजारामपुरी आठवी गल्ली
घ्याच. फक्त बहिर्जींच्या तोंडी पल्लेदार संवाद घालू नका. खरा हेर चेहरा सांभाळतो, गंगावेशकर दादांची ही एक गोष्ट मला मान्य आहे.