फणसाच्या कपाटाला पांढरा रंग देण्याआधी लाख मारावी का?

म्हापसेकर:
फणसाच्या जुन्या कपाटाला पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकचे दोन हात झालेत, तरी खालून पिवळे डाग वर येतात. खणांतला बुरशीचा आणि डांबरगोळ्यांचा वासही जात नाही. रंगाआधी लाख (शेलॅक) मारायची तर ती किती दाट करावी, किती हात मारावेत? पावसात हे काम होईल का?

रंधा:
डाग लाकडाचाच आहे. फणसाच्या लाकडातला पिवळा रंग पाण्यात सुटतो. बौद्ध भिक्खूंची वस्त्रं पूर्वापार याच लाकडाच्या रंगात बुडवतात. त्यामुळे अ‍ॅक्रिलिकसारख्या पाण्यात कालवलेल्या रंगाचे आणखी चार हात मारले तरी तो भिजून वर येणारच. लाख पाण्यात विरघळत नाही, म्हणून ती मध्ये घालायची.

1 लिटर डिनेचर्ड (पिण्यास अयोग्य केलेल्या) स्पिरिटला 240 ग्रॅम चपडी लाख, म्हणजे सुकी पातळ पापुद्र्यांची लाख. कुटून काचेच्या बरणीत रात्रभर ठेवा, अधूनमधून हलवा, सुती कापडातून गाळा. लोखंडी डबा नको, लाख काळवंडते. टर्पेंटाइन चालत नाही, लाख विरघळतच नाही.

आधीचा रंग घट्ट बसला असेल तर खरवडू नका. 220 नंबरच्या घासकागदाने (सँडपेपरने) घासून त्यावरच दोन पातळ हात मारा, मध्ये तासभर जाऊ द्या. एकाच जागी ब्रश घोळवू नका, स्पिरिटने खालचा अ‍ॅक्रिलिक मऊ पडून ब्रशबरोबर ओढला जातो. फळीच्या कापलेल्या टोकांना तिसरा हात हवाच. डाग परत दिसतो तो बहुतेक तिथूनच.

मांडवीकाठ:
वासाचं गणित वेगळं. लाख वास मारत नाही, कोंडते. म्हणून आधी खण बाहेर काढून चार-पाच दिवस उन्हात ठेवा. डांबरगोळ्यांचा बराच वास तिथेच उडतो. बुरशी तोंडाला फडकं बांधून ओल्या कापडाने पुसा. धुण्याचा सोडा वापरलात तर दोनदा साध्या पाण्याने पुसून पूर्ण वाळवा, कारण क्षारात लाख विरघळते. मग खणाचा तळ, मागची बाजू, कपाटाची पाठ, सगळीकडे लाख. लोक दर्शनी भाग तेवढा मारतात आणि महिन्याभरात वास परत येतो. खण आतून रंगवायची गरज नाही, नुसती लाख पुरते.

चपडी:
जुलैत नको. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि लाख दुधाळ होते. थांबणं शक्य नसेल तर उघडीप पडलेल्या दिवशी भर दुपारी मारा. दुधाळपणा आलाच तर कोरड्या दिवशी स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेलं फडकं भरभर फिरवा, जातो.

दुसरं, चपडीत नैसर्गिक मेण असतं आणि त्यावर पाण्याचा रंग नीट धरत नाही. द्रावण काही दिवस न हलवता ठेवा. मेण तळाशी बसलं की वरचं निवळ तेवढं ओतून घ्या, नाहीतर मेण काढलेली लाखच आणा.

म्हापसेकर:
मागच्या वर्षीची भिजवलेली लाख बाटलीत आहे. चालेल?

चपडी:
काचेवर थेंब टाकून बघा. दुसऱ्या दिवशीही नख रुतत असेल तर ओतून द्या, ती कधीच कडक होणार नाही. थेंब कडक झाला तर वापरा. रंगाआधी 320 च्या पेपरने हलकं घासा. कोपऱ्यांवर जपून, तिथे लाख पटकन निघते. आणि काम चालू असताना देवघरातली समई विझवा, दारं-खिडक्या उघड्या ठेवा. स्पिरिटची वाफ लगेच पेट घेते.