मदत हवी आहे: काटा, शेती आणि हिशेब जोडायला ईएसबी (एंटरप्राइज सर्व्हिस बस) घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचं सॉफ्टवेअर मी बघतो. आमचा आयटी विभाग म्हणजे मी आणि एक जोडीदार, बास. मोळी पडायच्या, म्हणजे हंगाम सुरू व्हायच्या आत एक गोष्ट ठरवायची आहे आणि दोन माणसं मला दोन दिशांना ओढतायत.

आधी आमचा संसार सांगतो. शेती विभागाची ऊस नोंद डॉटनेटमध्ये आहे. लागणीची तारीख, गट नंबर, उसाची जात, तोडणीची पाळी सगळं तिथं. वजनकाट्याचं सॉफ्टवेअर जुन्या व्हीबी ६ मधलं, सीरियल पोर्टवरून वजन उचलतं. ज्यानं लिहिलं तो केव्हाच निवृत्त झाला, त्यामुळे त्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही. हिशेब विभागाचं जावात, टॉमकॅट सर्व्हरवर, सोप सर्व्हिस (दुसऱ्या सॉफ्टवेअरनं एक्सएमएलमधून हाक मारायची खिडकी) उघडून बसलेलं. शिवाय शेतकऱ्यांना एसएमएस धाडणारी बाहेरची सेवा. हे चौघं एकमेकांशी थेट बोलतात. परवा कागदावर बाण काढले तर चार चौकोनांत नऊ बाण निघाले, आणि त्यातले दोन कशासाठी आहेत ते आम्हा दोघांनाही सांगता आलं नाही.

आता दुखणं. मागच्या हंगामात जानेवारीत रात्री २.४० ला एक ट्रॅक्टर रिकामा होऊन काट्यावर आला. निव्वळ वजन १९.३४० टन. काट्यानं हिशेबाच्या सर्व्हिसला कॉल केला, तिकडं नोंद झाली, पण उत्तर परत यायच्या आत लाइन गेली. कारकुनाच्या पडद्यावर ३० सेकंदांनी टाइमआउट. त्यानं पुन्हा बटण दाबलं. मागं रांग पार रस्त्यापर्यंत गेलेली, तो तरी काय करणार? खेप दोनदा चढली. पाचव्या दिवशी शेतकरी स्वतः ऑफिसात आला, "साहेब, माझी एकच खेप आलीया, मोबाइलवर दोन कशा?" माणूस देवासारखा. २०२५-२६ च्या दरानं १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये धरले तर तोडणी-वाहतूक वजा करायच्या आधी ६८ हजारांच्या वर रक्कम होते. बरं, ऊस आल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर) द्यायची, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज, त्यामुळे बिलं अडवून निवांत तपासत बसायचीही सोय नाही. आम्ही हंगामभर रोज रात्री एक्सेलमध्ये दोन याद्या समोरासमोर लावून अशा जोड्या हुडकल्या.

पुण्याचे सल्लागार म्हणतात ईएसबी बसवा, डब्ल्यूएसओटू किंवा म्यूल कंपनीचा, सगळे बाण एका बसमधून, म्हणजे मधल्या एकाच सॉफ्टवेअरमधून जातील, वर सर्व्हिस रजिस्ट्रीही (कुठली सेवा कुठं आहे त्याची यादी) घ्या. वालचंद कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला माझा जोडीदार म्हणतो ईएसबी जुनाट, काफ्का (निरोप साठवून पुढं पोचवणारं सॉफ्टवेअर) टाका आणि सगळ्याच्या मायक्रोसर्व्हिस, म्हणजे छोट्या सुट्या सेवा करा. मी पूर्वीच्या नोकरीत एक ईएसबी जवळून बघितलाय. दोन वर्षांत सगळे व्यवहाराचे नियम त्या बसमधल्या एक्सएसएलटीत (एक्सएमएलचं रूप बदलणाऱ्या कोडात) जाऊन बसले होते आणि एक फील्ड वाढवायला तीन विभागांची मीटिंग लागायची. पण आहे ते असंच ठेवायचीही हिंमत नाही. तुम्ही काय कराल?

आयर्विन:
दादा, तुमचा आजार दोनदा नोंदीचा आणि औषधं चाललीत निरोपांच्या वाहतुकीची. ईएसबी आणा नाहीतर काफ्का, उत्तर हरवलं की पाठवणारा पुन्हा पाठवणारच. रॅबिटएमक्यू हे निरोप पोचवणारं सॉफ्टवेअरसुद्धा 'किमान एकदा पोचवीन' एवढंच म्हणतो, 'एकदाच' म्हणत नाही. म्हणजे आलेली खेप आधी आली होती का, हे घेणाऱ्याला ओळखता आलं पाहिजे. त्यासाठी खेपेचा नंबर काट्यावर बटण दाबायच्या आधी जन्माला यायला हवा, आणि हिशेबाच्या टेबलात त्यावर युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तोच नंबर दुसऱ्यांदा चढूच नये अशी अट. दुसऱ्यांदा तोच नंबर आला तर एरर देऊ नका, पहिल्या वेळची पावतीच परत द्या. कारकुनाला दहादा बटण दाबू दे.

दुसरं म्हणजे काट्यानं हिशेबाला थेट हाक मारूच नये. वजन काट्याच्याच डेटाबेसमध्ये लिहायचं, त्याच ट्रॅन्झॅक्शनमध्ये (दोन्ही नोंदी होतील नाहीतर एकही नाही) शेजारच्या 'पाठवायचे' टेबलात एक ओळ टाकायची. एक छोटी विंडोज सर्व्हिस त्या ओळी उचलून पाठवत राहील. लाइन गेली तर ओळी साठतील, ट्रॅक्टर थांबणार नाही. व्हीबी ६ मध्ये ही ओळ टाकणारी एक इन्सर्ट तेवढी वाढवायची, त्याला छाती लागत नाही.

जुना जावावाला:
आयर्विनशी सहमत. सोपला मात्र घाईनं हाकलू नका. सोपची डब्ल्यूएसडीएल फाइल आहे म्हणजे कोणी काय द्यायचं, काय घ्यायचं याचा लेखी करार तयार आहे, तो आधी वाचा. वजन कुठल्या एककात जातं ते बघा. काटा किलो देतो, हिशेब टनात, आणि सरकारी दर क्विंटलला! आमच्याकडे फील्डचं नाव नुसतं 'वजन' होतं आणि त्यावरून एक पंधरवडा वाया गेला. फील्डला 'निव्वळ वजन किलो' असं ढळढळीत नाव द्या, बस असो वा नसो.

जावा ८ वरून पुढं उडी मारणार असाल तर ११ पासून जॅक्स-डब्ल्यूएस (सोप चालवणारा भाग) जेडीकेतून, म्हणजे जावाच्या मूळ संचातून काढून टाकलंय, त्याच्या जार फाइली वेगळ्या जोडाव्या लागतात. ऐन हंगामात कळलं तर पंचाईत.

रजिस्ट्रीचं ऐकून हसू आलं. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, सॅप यांनी जगभरासाठी उघडलेली यूडीडीआय रजिस्ट्री २००६ मध्ये गुंडाळली. तुमच्या चार सेवांचे पत्ते भिंतीवरच्या कागदावर मावतात. निरोपांचा फॉरमॅट बदलणं, ते योग्य ठिकाणी वळवणं एवढंच हवं असेल तर अपाची कॅमल पुरेल. ती लायब्ररी आहे, तुमच्याच जावात बसते, वेगळा सर्व्हर सांभाळायला नको. काफ्का चांगलाच आहे, पण रात्री अडीचला तो रुसला तर उठवायला तुम्ही दोघंच ना?

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. नंबरावरून डोक्यात आलं: केन यार्डात (उसाच्या गाड्या थांबतात त्या आवारात) गाडी आली की नंबर टेकर टोकन देतो, म्हणजे वजनाच्या आधीच नंबर असतो! पण तो रोज १ पासून सुरू होतो. तारीख जोडून चालेल ना?

आयर्विन:
कुठली तारीख? कॅलेंडरची की कारखान्याची?

धागाकर्ता:
अरे देवा. आमच्याकडे पाळी पहाटे चारला बदलते आणि गाळपाची तारीखही तेव्हाच. म्हणजे २.४० ची ती खेप कारखान्याच्या लेखी आदल्या दिवसाची. काट्याच्या पावतीवर मात्र संगणकाची तारीख छापली जाते.

आयर्विन:
मग हंगाम, गाळप दिवस आणि टोकन असं मिळून करा. आणि गाडी आदल्या दिवशी टोकन घेऊन रात्रभर यार्डात उभी राहिली तर दिवस टोकन दिल्याचा धरायचा, वजनाचा नाही. हे एकदा शेती विभागाकडून लेखी घ्या.

धागाकर्ता:
टोकन अजून हातानं लिहितात आणि चारच्या पाळीला कधीकधी जुनंच पुस्तक पुढं चालू राहतं. उद्या नंबर टेकरांना गाठतो. एका रात्री यार्डात बसूनच हे सुटेल असं दिसतंय. पुण्याच्या सल्लागारांना काय कळवायचं ते त्यानंतर बघू.